कोठ्यातला जुना ट्रॅक्टर
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपल्याला जुन्या ट्रॅक्टरविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही इथे अक्षरं शिकायला येतो, आणि यांनी हे लोखंड कुठून आणलं? पण जरा थांबा. या लोखंडावरही अक्षरं आहेत. ती कोणी वाचली नाहीत, म्हणून कितीतरी जुनी यंत्रं किलोच्या भावानं भंगारात गेली.

समजा, मूलकडच्या किंवा चामोर्शीकडच्या एखाद्या गावात, कोठ्याच्या आडोशाला एक जुना ट्रॅक्टर उभा आहे. आजोबांनी घेतलेला. सीटवर कोंबडी अंडी घालते. एक दिवस भंगारवाला येतो. चाकावर पाय आपटतो आणि म्हणतो, "भाऊ, यात आता काय राहिलं? लोखंडाच्या भावानं देऊन टाका." दुसऱ्या दिवशी मिस्त्री येतो. तो म्हणतो, "घासून काढू, नवा रंग मारू, दुसरं बॉनेट बसवू. चार पैसे जास्त येतील."

दोघंही आपापल्या धंद्याचं बोलतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण मालकानं आधी स्वतःला विचारावं: हे यंत्र आहे तरी कोणतं? कोणत्या कारखान्यातलं? कोणत्या सालचं? आणि त्यात मूळचं किती राहिलं आहे? याचं उत्तर हाती येईपर्यंत ट्रॅक्टर विकू नये, आणि रंगवूही नये. माझं आजचं सांगणं एवढंच आहे. ते कसं करायचं, हे आता पाहू.

ट्रॅक्टर आला कधी?

आज ट्रॅक्टर गावोगाव आहे. पण १९५१ साली साऱ्या देशात मिळून सुमारे साडेआठ हजार ट्रॅक्टर होते. आता एका वर्षात आठ लाखांहून जास्त नवे विकले जातात.

सुरुवातीचे ट्रॅक्टर बोटीनं परदेशातून येत. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्यानं इथे मागे ठेवलेले ट्रॅक्टर सरकारनं घेतले आणि १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली. सागर-भोपाळच्या बाजूला कांस नावाच्या चिवट गवतानं जमिनी पडीक पाडल्या होत्या. त्या या ट्रॅक्टरांनी नांगरून काढल्या.

मग आपल्याच देशात ट्रॅक्टर तयार होऊ लागले. पहिला निघाला १९५९ साली, दिल्लीजवळ फरीदाबादला. तो आयशर. त्याचा नमुना जर्मनीचा होता. १९६० साली मद्रासला टाफे ही कंपनी निघाली. तिनं मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनवले. १९६३ साली मुंबईला इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी निघाली. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर, अशा तिघांची ती भागी होती. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर पुष्कळ शेतकऱ्यांच्या ओळखीचा झाला. १९७१ पासून एच. एम. टी. या सरकारी कंपनीनं पिंजोरला झेटर नमुन्याचे ट्रॅक्टर काढले. तो नमुना चेकोस्लोव्हाकियाचा. आणि १९७४ साली पंजाबात स्वराज निघाला. त्याचा आराखडाही आपल्याच देशातल्या संशोधकांनी केला होता.

पुढे कारखान्यांचे मालक बदलले. आयशरचा ट्रॅक्टरचा धंदा २००५ साली टाफेकडे गेला. स्वराज २००७ साली महिंद्रकडे गेला. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं सरकारनं २०१६ साली ठरवलं. म्हणजे त्या काळचे हे ट्रॅक्टर आता कोणी नव्यानं बनवणार नाही. जे उरले आहेत, तेवढेच आहेत.

आपल्या झाडीपट्टीत या यंत्राची कसोटीच लागली. इथे धानाची शेती. बांध्या लहान, बांध उंच. चिखलणीला बैल नाहीतर हल्ये जुंपायचे, ही जुनी रीत. त्या चिखलात ट्रॅक्टर उतरला, तो लोखंडी पट्ट्यांची चाकं लावून. म्हणून आपल्याकडच्या जुन्या ट्रॅक्टरच्या अंगावर चिखलपाण्याच्या खुणा जास्त असतात. त्या खुणाही वाचता येतात, बरं का.

नळ्या मोजा

पहिली ओळख अगदी सोपी आहे. तिला अक्षरंसुद्धा लागत नाहीत, मोजता आलं की झालं. इंजिनाच्या बाजूला डिझेलचा पंप असतो. त्यातून पेन्सिलीएवढ्या लोखंडी नळ्या निघतात आणि एकेका सिलिंडरकडे जातात. जितक्या नळ्या, तितके सिलिंडर. उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारी एक बारीक नळी वेगळी असते. ती मोजू नका.

एकच नळी आहे, सिलिंडरला बाहेरून पापडासारखे पातळ लोखंडी पडदे आहेत, आणि पुढे पाण्याचा रेडिएटरच नाही? मग तो हवेनं थंड होणारा सुरुवातीचा आयशर असू शकेल. दोन नळ्या असतील, तर एच. एम. टी. झेटर २५११ असू शकेल. तीन असतील, तर मॅसी फर्ग्युसन १०३५. चार असतील, तर बी-२७५.

पण एवढ्यावर निकाल देऊ नका. एकेका कारखान्यानं अनेक नमुने काढले. शिवाय एकाच्या चौकटीत दुसऱ्याचं इंजिन बसवलेलंही असतं. नळ्यांवरून अंदाज येतो. खात्री करायला अक्षरांकडेच जावं लागतं.

पट्टी वाचा

प्रत्येक ट्रॅक्टरवर कारखान्याची एक धातूची पट्टी असते. ती चालकाच्या समोर असेल, मडगार्डवर असेल, नाहीतर इंजिनाच्या बाजूला. तिच्यावर कारखान्याचं नाव, नमुना आणि नंबर असतो. इंजिनावर आणि चौकटीवरही नंबर ठोकलेले असतात.

पट्टी धुळीनं भरली असेल, तर ओल्या कापडाला थोडा साबण लावून पुसा. तारेचा ब्रश नको. सँडपेपर नको. अक्षरं झिजली की ती पुन्हा येत नाहीत. अक्षर पुसट असेल, तर पट्टीवर पातळ कागद धरा आणि त्यावर पेन्सिल आडवी करून हलकेच फिरवा. दबलेली अक्षरं कागदावर उमटतात.

अक्षरं आणि आकडे इंग्रजी असतील. घाबरू नका. जसं दिसतं तसं चित्रासारखं उतरवून घ्या, आणि शाळेत जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला दाखवा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. इंग्रजी आठ आपल्या मराठी चारासारखा दिसतो. तिथे हमखास गल्लत होते.

कागद काढा

आता पेटीतून आर. सी. बुक काढा. त्यात इंजिनाचा नंबर आहे, चेसिसचा, म्हणजे चौकटीचा नंबर आहे. लोखंडावरचे नंबर आणि कागदावरचे नंबर शेजारी मांडा. एकेक आकडा जुळवा. दोन्ही जुळले, तर चौकट आणि इंजिन पहिल्यापासून एकत्र आहेत, असं मानायला मोठा आधार मिळाला. इंजिनाचा नंबर जुळला नाही, तर इंजिन मधल्या काळात बदललं असावं. ते कधी बदललं, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

जुना कागद दुसऱ्या रीतीनंही बोलतो. गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याआधी तो सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात होता, आणि त्याहीआधी जिल्ह्याचं नाव चांदा होतं. तेव्हा एखाद्या पावतीवर तुमच्या गावापुढे "जिल्हा चांदा" लिहिलं असेल, तर तो कागद फार जुना आहे. आजच्या गाडीच्या नंबरात चंद्रपूरचा ३४ आणि गडचिरोलीचा ३३ हा आकडा येतो. ही पद्धत १९८९ च्या सुमाराला आली. त्याआधीच्या नंबरात जिल्ह्याचा असा आकडा नसे. जुनी नंबरपाटी सापडली, तर ती कोंबड्यांच्या खुराड्याला ठोकू नका.

रंग आणि बोल्ट पाहा

रंगावरून पुष्कळ कळतं, पण वरच्या रंगावरून नाही. जिथे ऊन लागत नाही आणि रंगाऱ्याचा हात पोचत नाही, तिथे पाहा. सीटच्या खाली, बॅटरीच्या डब्यामागे, हत्यारांच्या पेटीत. तिथला रंग बहुधा कारखान्याचा असतो. बाहेर वेगळा आणि आत वेगळा दिसला, तर ट्रॅक्टर मागाहून रंगवला आहे.

मग बोल्ट पाहा. विलायती नमुन्याच्या जुन्या यंत्रांना इंची मापाचे बोल्ट असत. बी-२७५ हा त्यातलाच. जर्मनीच्या आणि चेकोस्लोव्हाकियाच्या नमुन्यांना मिलिमीटरच्या मापाचे असत. इंची यंत्रावर मिलिमीटरचा पाना नीट बसू लागला, तर समजावं, तो बोल्ट नंतरचा आहे. बोल्टाची डोकी घासून गोल झाली असतील, तर तो भाग पुष्कळदा उघडला आहे.

मूळचं म्हणजे काय?

आता कोणी विचारील, मूळचं जपायचं कशाला? नव्या रंगानं ट्रॅक्टर देखणा दिसत नाही का?

दिसतो. पण आपण धान करणारी माणसं. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या ओळखल्या, निराळ्या काढल्या, निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवडत नेल्या. त्यातून जे वाण तयार झालं, त्याला नाव पडलं एच. एम. टी. तेव्हा एच. एम. टी. ची घड्याळं लोकांच्या मनगटावर होती, त्यावरून ते नाव. दादाजी २०१८ साली गेले. त्याच कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना आता राहिला नाही. पण धान राहिलं.

दादाजींनी दोन कामं केली. आधी ओळखलं, आणि मग भेसळ होऊ दिली नाही. बियाण्यात भेसळ झाली की पोतं तेवढंच भरतं, पण जात जाते. यंत्राचंही तसंच आहे. एकाचं बॉनेट, दुसऱ्याचे दिवे, तिसऱ्याचा पंप आणि वर चकचकीत रंग. असा ट्रॅक्टर उभा राहतो, पण तो कोणत्या कारखान्याचा, कोणत्या काळाचा, हे त्याच्याकडे पाहून कोणाला सांगता येत नाही. तेव्हाचा कारागीर लोखंड कसं ओतायचा, जोड कसा द्यायचा, हे त्या मूळ भागांवरूनच कळतं.

पण इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळचं म्हणजे कोरं नव्हे. गावच्या लोहारानं चिखलणीसाठी लोखंडी चाकं करून दिली असतील. मोडलेल्या सीटला बंडीची लोखंडी पट्टी जोडली असेल. असले बदल काढून टाकायची घाई करू नका. तो ट्रॅक्टर आपल्या बांधीत राबला, याचा तो पुरावा आहे. कोणी केलं, कधी केलं, एवढं लिहून ठेवा आणि तसंच राहू द्या.

ऊन, पाऊस आणि उंदीर

जुन्या यंत्राचे आपल्याकडे तीन वैरी आहेत. पाऊस आपल्याकडे भरपूर. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. आणि उंदरांचं तर विचारूच नका.

ट्रॅक्टर छपराखाली ठेवा, पण तणसाच्या ढिगाशेजारी नको. तणस ओल धरते, उंदीर पोसते आणि आगीला कारण होते. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका. आत घाम धरतो आणि लोखंड गंजतं. ताडपत्री घाला, पण खालून वारा खेळू द्या. सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा पालथा घाला, म्हणजे पावसाचं पाणी इंजिनात जाणार नाही.

ट्रॅक्टर पुष्कळ दिवस उभा राहणार असेल, तर रेडिएटरमधलं पाणी काढा आणि बॅटरी उतरवून ठेवा. लाकडी ठोकळे लावून चाकं जमिनीपासून किंचित उचला. पावसाळ्यात क्लचचा पायडल दाबून त्याला लाकडाची खुंटी अडकवा, नाहीतर आतली थाळी चिकटून बसते. चालू इंजिन असेल, तर महिन्यातून एकदा फिरवा. पुष्कळ वर्षं बंद असेल, तर मात्र जोर करू नका आणि ओढून सुरू करायला जाऊ नका. आधी मिस्त्रीकडून सिलिंडरमध्ये तेल सोडवून घ्या आणि हातानं हळूहळू फिरवून पाहा.

जुन्या रंगावर जवसाच्या पक्क्या तेलाचा पातळ हात दिला, तर रंग टिकतो आणि गंज थांबतो. पण सावध! ती तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापते आणि पेट घेते. चिंधी उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

ट्रॅक्टर अजून शेतात राबत असेल, तर राबू द्या. पण ब्रेक, टायर, दिवे आणि वायरी यांच्या बाबतीत जुन्याचा हट्ट नको. माणसाचा जीव यंत्राहून मोठा आहे. खराब भाग बदला. फक्त काढलेला जुना भाग फेकू नका. त्याला चिठ्ठी बांधा, पोत्यात घाला, आणि ते पोतं ट्रॅक्टरबरोबर ठेवा.

विकायची वेळ आली तर

घरात लग्न आहे, दुखणं आहे, कर्ज आहे. अशा वेळी लोखंड जपत बसा, असं मी सांगणार नाही. विकायचं तर विका. पण ओळख पटवून विका. पट्टी, कागद आणि मूळचे भाग एकत्र असलेलं जुनं यंत्र हौसेनं घेणारी माणसंही असतात. त्यांना ट्रॅक्टर पाहिजे असतो, नुसतं लोखंड नव्हे. पट्टी काढून वेगळी विकू नका. पट्टीवाचून ट्रॅक्टर मुका होतो.

आणि कागदाचं काम अर्धं सोडू नका. विक्री झाली, तर १४ दिवसांच्या आत आर. टी. ओ. ला कळवावं लागतं. ट्रॅक्टर मोडीत काढला, तरी तितक्याच दिवसांत कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. नाहीतर ट्रॅक्टर गेला, पण कागदावर मालक तुम्हीच राहिलात. उद्या त्यानं कुठे अपघात केला, तर शिपाई तुमच्या दारी येईल.

२०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, आणि चौकट, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी, ती वारशाची गाडी. हे नियम दुचाकी आणि घरगुती मोटारींसाठी आहेत, ट्रॅक्टरसाठी नाहीत. तरी माप म्हणून ते आपल्याला उपयोगी आहे. १९७४ साली नोंदलेला ट्रॅक्टर २०२४ साली ५० वर्षांचा झाला. तुमचा किती वर्षांचा, हे वजाबाकी करून पाहा. वजाबाकी तुम्ही शिकला आहातच.

वहीत लिहा

शेवटचं सांगतो. पट्टीवर नंबर आहे, पण हकीकत नाही. ट्रॅक्टर कोणत्या सालच्या रोवणीला आला, तो कोणी चालवला, कोणत्या बोडीच्या पाळीवर फसला, बैलजोडी विकली तेव्हा घरात कोण रडलं, हे पट्टीवर लिहिलेलं नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे. घरातल्या मायला विचारा. तिला साल सांगता येणार नाही कदाचित. ती म्हणेल, "थोरल्याच्या लग्नाच्या आदल्या वर्षी." तेही लिहा. लग्नाचं साल शोधलं की ट्रॅक्टरचं साल सापडलं.

आजवर हे लिहायला दुसऱ्याच्या दारी जावं लागत होतं. आता तुमच्या हातात पेन्सिल आहे. तेव्हा पुढच्या वर्गाला येताना एवढं करून या. ज्यांच्या घरी, शेजारी किंवा सोयऱ्यांकडे जुना ट्रॅक्टर आहे, त्यांनी ओलं कापड घेऊन जावं. पट्टी पुसावी. नळ्या मोजाव्या. वहीच्या एका पानावर या सहा गोष्टी लिहाव्या: कारखान्याचं नाव, नमुना, इंजिनाचा नंबर, चेसिसचा नंबर, घरी आल्याचं साल, आणि मागाहून बदललेले भाग. खाली आपली सही करावी आणि तारीख घालावी.

पान नीट लिहिलं गेलं नाही, तरी चालेल. घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.